बसायचं गवत

भोपाळच्या आमच्या घरमालकांचा धंदा गवताचा होता आणि त्यांच्या स्वतःच्या अंगणात औषधालासुद्धा गवत नव्हतं. फाटकापासून पायरीपर्यंत करडी फरशी. त्या फरशीवर, ताडपत्री पांघरलेलं गवत कापायचं मशीन एखाद्या आजारी म्हशीसारखं उभं असायचं. खोली बघायला गेले तेव्हा मला ते जनरेटर वाटलं. मी म्हटलं, "वा, लाइट गेली तरी सोय आहे." घरमालकांनी माझ्याकडे जे पाहिलं, त्यावरून खोली मिळणार नाही असंच वाटलं होतं.

माझी बदली पुण्याहून तिकडच्या शाळेत झाली होती. तिथल्या अवधपुरी वस्तीत मोठ्या कारखान्यातल्या माणसांनी बांधलेली घरं पुष्कळ, आणि मराठी भाडेकरू हवा असलेली मराठी माणसंही पुष्कळ. घरमालकीण काकूंनी मला नेहमीचे प्रश्न विचारले: गाव कुठलं, घरचे कुठे, कांदा-लसूण चालतो का. काकांनी एकच विचारला.

"बसता का?"

"कुठे?"

"खाली. जमीन पे."

मी म्हटलं, वह्या तपासायला खालीच बसते, खुर्चीत पाठ दुखते. त्यावर ते काकूंकडे वळले आणि म्हणाले, "पास."

हा शब्द कारखान्यातून आलेला होता. टर्बाइनची पाती तपासण्यात त्यांचा जन्म गेला होता. पातं उजेडाकडे धरायचं, त्याच्या कडेवरून बोट फिरवायचं आणि तीन शब्दांपैकी एक उच्चारायचा: पास, रिवर्क किंवा रिजेक्ट. निवृत्त झाल्यावर पाती राहिली कारखान्यात आणि शब्द आले घरी. पोळी रिवर्कला जायची. पेपरातला अग्रलेख रिजेक्ट व्हायचा. काकूंच्या भाच्यासाठी मुलगी बघायला गेले असताना पोहे संपवून ते यजमानांसमोरच म्हणाले होते, "मुलगी पास आहे. आमच्या मुलाला थोडं रिवर्क लागेल." लग्न मोडलं. काकू मला हे सांगताना अजून चिडायच्या, पण पुढे पदराआड हसून म्हणायच्या, "खोटं नव्हते बोलले, बाप्पा."

काका मूळचे अमरावतीकडचे, पण सगळी नोकरी भोपाळात. त्यांच्या मराठीत क्रियापद यायच्या आधी हिंदी येऊन बसायची. "मॅडम, फुरसत असेल तर जरा नीचे या, एक चीज दाखवायची आहे." ती चीज म्हणजे बहुधा एखाद्या गिऱ्हाइकाच्या अंगणातलं मातीचं ढेकूळ असायचं. सुरुवातीला मी मनातल्या मनात त्यांची वाक्यं दुरुस्त करायचे. मग एका दिवाळीत पुण्याला गेले आणि बहिणीला म्हणाले, "जरा रुक, मी फटाफट आवरते." त्यानंतर दुरुस्ती बंद केली.

हा धंदा सुरू कसा झाला, ते काकूंनी मला सांगितलं. मी नुसती डाळ निवडायला बसले होते, त्यांनी सगळं आयुष्य निवडलं. लग्न होऊन भोपाळला आल्यापासून त्यांना एकच आश्वासन होतं: नोकरी संपली की नागपूर. नागपुरात त्यांचे भाऊ, बहिणी, माहेरची गल्ली. म्हणून त्यांनी भोपाळात जड कपाट घेतलं नाही. झाड लावलं नाही. "लावायचं कुणासाठी? आपण का इथं राहणार आहो?" अंगणात फरशी त्यांनीच घालून घेतली होती. मुळं धरेल असं काही नकोच.

निरोपाच्या समारंभात सहकारी घड्याळ देतात, शाल देतात. काकांना काय हवं ते विचारलं गेलं आणि काकांनी गवत कापायचं मशीन मागितलं. सगळ्यांना तो विनोद वाटला, पण वर्गणी काढून आणलं बिचाऱ्यांनी. संध्याकाळी टेम्पोतून ते फरशीवर उतरलं तेव्हा काकू ओवाळायला ताम्हण घेऊन उभ्या होत्या.

"हे नागपूरला न्यायचं कसं?" त्यांनी विचारलं.

"न्यायचं नाही," काका म्हणाले.

झालं एवढंच. काकूंना पुढची सगळी वर्षं त्या दोन शब्दांत कळली. ताम्हण त्यांनी तसंच देवापुढे नेऊन ठेवलं.

धंद्याची पाटी काकांनी जवाहर चौकातल्या एका पेंटरकडून करून घेतली. त्यांना हवं होतं 'लॉन सेवा'. पेंटरनं अक्षरं सुरेख काढली, खाली हिरवळीची नक्षी काढली, फोन नंबर ठसठशीत काढला, फक्त 'लॉन'वरचा चंद्र विसरला आणि त्या जागी एक मात्रा देऊन टाकली. पाटी झाली 'लोन सेवा'. ती त्याच चौकात एका ओळखीच्या दुकानावर लागली आणि फोन सुरू झाले. काका हरखले. एवढ्या लोकांना गवताची ओढ आहे हे त्यांना माहीतच नव्हतं.

"कितना बड़ा है?" ते विचारायचे.

"जी, थोड़ा बड़ा ही चाहिए."

"धूप आती है?"

यावर पलीकडून गोंधळलेलं "जी?" यायचं.

"देखिए, धूप नहीं आती तो नहीं होगा. मैं आकर देखूंगा. जूते उतारकर चलूंगा, फिर बताऊंगा."

घोटाळा ध्यानात आल्यावरही त्यांनी पाटी लगेच बदलली नाही. त्यांचं म्हणणं, माणूस फोन तर करतो ना, पुढचं मी बघतो. आणि खरोखर, त्यांचं पहिलं गिऱ्हाईक तसंच मिळालं. तुलसी नगरातल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणारे एक कारकून. त्यांनी मुलीच्या लग्नासाठी कर्जाची चौकशी केली होती, आणि दाराशी आले काका, स्कूटरच्या मागे मशीन बांधून. ते गृहस्थ भिडस्त. घरी आलेल्या वयस्क माणसाला चूक झाली म्हणून सांगणं त्यांच्या जिवावर आलं. काकांनी बूट काढले, मागच्या अंगणातल्या रानातून अनवाणी फिरले आणि तो प्रश्न विचारला, जो पुढे ते प्रत्येक दारी विचारणार होते: "यहां बैठता कौन है?"

"पहले अम्मा बैठती थीं," कारकून म्हणाले. "अब तो घास इतनी बढ़ गई, सांप का डर लगता है."

काकांनी त्या अंगणाला काय काय केलं ते मला सविस्तर ऐकावं लागलं आहे. गवत कापलं, खुरपीनं नागरमोथा गाठीसकट उपटला, भेगाळलेल्या काळ्या मातीत रेती आणि शेणखत घातलं, हरळी लावली. काही महिन्यांनी ती अम्मा खाटेवरून उठून तिथं येऊन बसली, हे सांगताना मात्र ते थोडक्यात आटपायचे. "बसली," एवढंच म्हणायचे, आणि चष्मा पुसायला घ्यायचे.

पण सगळ्याच घरी अम्मा नसते. चार इमलीत एका मोठ्या साहेबांच्या बंगल्यावरून बोलावणं आलं. खरं लॉन, गालिच्यासारखं. काका बूट काढून त्यावरून चालले, मग पालथे झोपून गाल जमिनीला लावून कडेकडेनं बघत राहिले. ही त्यांची जुनी सवय, पातं उजेडाकडे धरण्यातली. साहेबांच्या पत्नी व्हरांड्यातून हा प्रकार बघत होत्या.

"यहां बैठता कौन है?" काकांनी झोपल्या झोपल्या विचारलं.

"बैठता कोई नहीं. देखने के लिए है."

काका उठले, गुडघे झटकले, बूट घातले. "फिर मैडम, फोटो लगवा लीजिए. पानी बचेगा."

हे त्यांनी घरी येऊन अभिमानानं सांगितलं. मी त्या वेळी खालीच होते, ताक प्यायला. काकूंनी हातातली रवी तशीच पातेल्यात सोडली.

"तुम्ही धंदा करून राहिले की परीक्षा घेऊन राहिले?"

"सिद्धांताचा सवाल आहे."

"नागपूर सोडून मी इथं तुमच्या सिद्धांतासाठी थांबली का? धंद्यासाठी थांबले म्हणता ना, मग धंदा तरी करा! नाहीतर उद्याचं तिकीट काढा."

मग त्यांनी एक केलं. टेबलावरचा काकांचा फोन उचलला आणि आपल्या कमरेला खोचला. "आजपासून फोन माझा. तुम्ही फक्त गवत पाहायचं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा मी त्यांची बाजू घेईन असं त्यांना वाटलं. मी ताक पीत राहिले.

काकूंना गवतातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पण माणसं कळायची. "हां जी, साहब आएंगे, बिलकुल आएंगे. ज़रा कम बोलते हैं," असं त्या गोड आवाजात सांगायच्या आणि काका जास्त बोलू नयेत म्हणून स्कूटरवर मागे बसून स्वतः जायच्या. काका गवतावर पालथे झोपलेले, आणि काकू घरच्या बाईशी चहा पीत तिच्या सुनेबद्दल, सांधेदुखीबद्दल बोलताहेत, असं ते दृश्य असे. "यहां बैठता कौन है" हा प्रश्न काकांना गिळावा लागायचा. त्याऐवजी काकूच जाता जाता म्हणायच्या, "शाम को यहीं चाय लिया करो ना बहनजी, कितना अच्छा लगेगा." बायका खरंच तिथं चहा घेऊ लागल्या. काकांना जे भांडून जमलं नव्हतं, ते काकूंनी चहाच्या कपात जमवलं. काका हे मान्य करत नसत. ते म्हणायचे, "तिचं मार्केटिंग ठीक आहे."

वर्षभरात गिऱ्हाइकं इतकी झाली की हाताखाली दोन माणसं ठेवावी लागली. काकूंची नागपूरची बडबड थोडी कमी झाली होती, पण थांबली नव्हती. भावाचा फोन आला की अजून डोळ्यांत पाणी यायचं.

मग आमच्या कॉलनीच्या पार्कचं काम आलं. पार्क म्हणजे कडुनिंबाची काही झाडं, एक मोडकी घसरगुंडी आणि बाकी धूळ. काकांनी ते असं अंगावर घेतलं की जणू कारखान्यानं परत बोलावलं असावं. भर मे महिन्यात, भोपाळच्या त्या उन्हात, डोक्यावर ओला पंचा टाकून ते माती चाळत बसायचे. पावसात हरळी लावली. पहाटे पाणी, संध्याकाळी खुरपणी. दसऱ्याच्या सुमाराला ते गवत असं दाट आणि सारखं झालं की रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्या हळू व्हायच्या.

कॉलनीच्या अध्यक्षांनाही ते फार आवडलं. इतकं, की त्यांनी पार्कला कुलूप घातलं. पाटी लागली: 'घास पर चलना मना है'. कोणी नेते उद्घाटनाला येणार होते, तोवर गवत चुरगळू नये, आणि नंतरही नकोच, असा समितीचा ठराव झाला. काकांनी विरोध केला; त्यांना सांगण्यात आलं की तुमचं काम गवत लावण्याचं, ते झालं.

उद्घाटनाच्या दिवशी पहाटे ते पाणी घालायला म्हणून आत गेले आणि बाहेर आलेच नाहीत. पार्काच्या बरोबर मध्ये मांडी घालून बसले. बूट बाजूला व्यवस्थित जोडून ठेवलेले.

सुट्टी होती, मी गॅलरीतून आवाज ऐकून खाली आले. कठड्याबाहेर गर्दी जमली होती. अध्यक्ष हात जोडून बोलत होते, पण आवाज चढलेला.

"भाईसाहब, उठ जाइए. घास दब रही है."

"दबने के लिए ही लगाई है."

"नेताजी ग्यारह बजे आ रहे हैं!"

"उनको भी बिठाएंगे."

चौकीदाराला उचलून आणायला सांगितलं तर तो म्हणाला, मला तर गवतावर चालायची मनाई आहे, पाटी तुम्हीच लावली. शेवटी कुणीतरी काकूंना बोलवायला गेलं. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काकू काकांना काय काय ऐकवतात हे गल्लीला पाठ होतं.

काकू डबा घेऊन आल्या. गजांपलीकडे बसलेल्या नवऱ्याकडे बराच वेळ पाहत राहिल्या. उन्हात रापलेली मान, फाटलेल्या टाचा. मी त्यांच्या शेजारीच होते. मला वाटलं, आता तोंड सुटेल. त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "चाबी दो."

"भाभीजी, आप समझाइए उनको—"

"शुगर है उनको. टाइम पे खाना पड़ता है. कुछ हो गया तो आप जवाब दोगे?"

कुलूप उघडलं. काकू आत गेल्या, पाटीजवळ चपला काढल्या आणि हळूहळू चालत, गुडघा सांभाळत, नवऱ्याशेजारी जाऊन खाली बसल्या. डबा उघडला. काका त्यांच्याकडे बघतच राहिले. काय बोलले ते ऐकू आलं नाही, पण काकूंचं उत्तर सगळ्यांनी ऐकलं: "गुमान पोहे खा. बसली ना मी?"

मग ज्या बायकांशी काकू रोज भाजी घेताना बोलायच्या, त्यांतली एक आत शिरली. तिच्या मागून दुसरी. आजोबा आले, मुलं आली, बॅडमिंटन आलं. मीही चपला काढल्या. गवत थंड होतं आणि ओलं होतं, आणि पुण्याच्या माझ्या फ्लॅटमध्ये असं काही नव्हतं, एवढं मला आठवतं.

नेते आले तेव्हा पार्क माणसांनी भरलं होतं. ही सगळी गर्दी आपल्याचसाठी, असा त्यांचा समज झाला. ते इतके खूश झाले की फीत कापायची विसरून सरळ गवतावर मांडी घालून बसले. फोटो निघाले. अध्यक्षांनी लगोलग भाषणात सांगितलं की जनतेनं गवतावर बसावं हा समितीचा पहिल्यापासूनच आग्रह होता. पाटी तेवढ्यात कुणीतरी काढून झाडामागे नेली होती.

फोटोमुळे काकांचं नाव झालं. आजूबाजूच्या सोसायट्यांतून फोन येऊ लागले. आणि इकडे आमच्या पार्कात माणसं जी बसायला लागली, ती उठेचनात. वाढदिवस, हळदीकुंकू, दुपारचं ऊन खात मटार सोलणं, मुलांचं क्रिकेट. होळीपर्यंत मधोमध भलंमोठं टक्कल पडलं. नवी गिऱ्हाइकं नमुना बघायला यायची आणि नमुन्याला टक्कल. काकू कपाळाला हात लावायच्या. काका त्या उघड्या मातीशी उभे राहून, हात मागे बांधून, समाधानानं म्हणायचे, "पास."

त्याच उन्हाळ्यात एका संध्याकाळी ते जिन्याच्या पायरीवर बसले होते. मी शाळेतून येत होते. मला म्हणाले, "मॅडम, मी तिला फसवलं का?"

मी थांबले. त्यांनी असं काही कधी विचारलं नव्हतं.

"नागपूरला मी कोण? तिच्या भावांचा मेहुणा. सकाळी पेपर, शाम को चक्कर. इथं, माहीत आहे, मी कारखान्याच्या शॉपमध्ये शिरलो की लोक खराब पातं लपवायचे." ते हसले, पण हसू लगेच आवरलं. "उस डर से थांबलो मी. गवत-बिवत नंतरचं. आता वाटतं, बहुत झालं. जाऊ या. तिचं वय झालंय, तिच्या माणसांत राहू दे."

त्यांनी हे नुसतं म्हटलं नाही. भाचीचं लग्न होतं, त्यासाठी दोघं नागपूरला गेली. मला निघताना हळूच सांगून गेले: मेहुण्यानं एक फ्लॅट बघून ठेवलाय, मी हो म्हणणार आहे, तिला सांगू नका, सरप्राइज आहे.

पुढचं मला काकूंकडून कळलं. ते लग्न एका लॉनवर होतं. नागपूरकडे लग्नाच्या मोकळ्या जागेला लॉनच म्हणतात. काकूंनी रेशमी साडीचा घोळ सावरत खाली वाकून हात लावला, तर हिरवं सतरंजीसारखं प्लॅस्टिक. त्यांनी तिथल्या व्यवस्थापकाला गाठून चांगलं झापलं. मग जेवणाच्या पंगतीत, सगळ्या भावांच्या देखत, काकांनी घसा खाकरून फ्लॅटची बातमी दिली. भावांनी टाळ्या वाजवल्या. वहिनीनं काकूंना मिठी मारली.

काकूंनी घास तसाच हातात धरला. "आत्ता?" त्या म्हणाल्या. "पावसाच्या तोंडावर? दोन सोसायट्यांची माती पडून आहे तिकडे. मी परवा घरी चालली."

"कुणाच्या घरी?" मोठ्या भावाला कळेना.

"माझ्या. भोपाळला."

काकूंनी मला हे सांगितलं ते केवळ नवऱ्याच्या मूर्खपणाचा नमुना म्हणून. आपण काय बोलून गेलो, याचा त्यांना पत्ताच नव्हता. काकांना होता. परतल्यावर कितीतरी दिवस ते कुठल्याच गोष्टीला पास किंवा रिजेक्ट म्हणाले नाहीत. नुसते काकूंच्या मागे मागे असायचे. फ्लॅटचं काय झालं, विचारलं, तर म्हणाले, "मेहुण्याला मी नाही म्हणू शकलो नाही. ती म्हणाली."

माझी बदली पुण्याला झाली त्याला आता काही वर्षं झाली. मागच्या पावसाळ्याआधी मी सहज फोन केला. फोन अर्थातच काकूंनी उचलला. मागे ट्रकचा आवाज होता, माणसांचा आरडाओरडा होता. मी म्हटलं, काकांशी बोलायचं होतं.

"नंतर बोल त्यांच्याशी, आता माती उतरवून राहिले ते. आणि तू कशी आहे? खाली बसते ना?"

मी हो म्हणेपर्यंत पलीकडून कुणीतरी काकांना मोठ्यानं विचारलं की साहेब, ट्रक आत घ्यायचा की बाहेरच उभा करायचा. त्यावर त्यांचा आवाज आला, स्पष्ट, तक्रारीचा लवलेश नसलेला:

"मुझे क्या पूछते हो यार? मैडम से पूछो. मालिक वो हैं."